एक्स-मेनचा दुसरा डाव

मार्च १९७० ही तारीख असलेला ‘एक्स-मेन’चा ६६वा अंक निघाला आणि मालिकेचं नवं लेखन थांबलं. नऊ महिन्यांनी ६७वा अंक आला, पण त्यात जुनीच गोष्ट पुन्हा छापलेली होती. ६८व्यातही तेच, ६९व्यातही तेच. एप्रिल १९७५ च्या ९३व्या अंकापर्यंत, म्हणजे ओळीने सत्तावीस अंक, न्यूयॉर्कच्या मार्व्हल कंपनीने या मालिकेच्या नावाखाली एकही नवी ओळ लिहून घेतली नाही की नवी चौकट काढून घेतली नाही. कागद, शाई आणि जुन्या छपाईचं साहित्य एवढ्यावर अंक निघत होते.

याच मालिकेने पुढच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेतल्या सुपरहिरो कॉमिक्सची सगळी रीत बदलली. ते कसं घडलं हे सांगण्यासारखं आहे, कारण ते कुणी ठरवून घडवलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर जे ठरलं ते वेगळंच होतं, आणि खालच्या टेबलांवर बसलेल्या तीन-चार माणसांनी जे केलं ते त्याहून वेगळं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला अमेरिकी कॉमिकच्या अंकाचा कारभार थोडा समजावून सांगायला हवा. इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्या घरात आलेला वेताळ किंवा मँड्रेक या वर्तमानपत्रातल्या चित्रमालिका होत्या आणि त्यांच्यामागे एक लेखक ठामपणे उभा होता. ली फॉक यांनी वेताळाच्या कथा १९३६ मध्ये सुरू केल्या आणि १९९९ मध्ये निधन होईपर्यंत लिहिल्या. मार्व्हल आणि डीसी या कंपन्यांच्या मासिक अंकांचं तसं नव्हतं. तिथे पात्र कंपनीचं. लेखक आणि चित्रकार पानामागे ठरलेल्या दराने काम करत, काम झालं की हक्क संपत, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या जागी दुसरं कुणी बसलं तरी अंक निघत राही. म्हणून तिथे ‘नवी मंडळी आली’ ही नेहमीचीच बातमी असे. त्यातल्या बहुतेक बदलांनी काहीच बदलत नसे.

एक्स-मेन जन्माला घातले स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी, सप्टेंबर १९६३ मध्ये. कल्पना चांगली होती. काही माणसं जन्मतःच अचाट शक्ती घेऊन येतात, वयात येताना त्या प्रकट होतात आणि बाकीचं जग त्यांना घाबरतं. अशा पाच मुलांना प्रोफेसर झेव्हिअर आपल्या शाळेत आसरा देतात आणि त्यांच्यासारख्याच शक्ती असलेल्या, पण माणसांवर सूड उगवायला निघालेल्या मॅग्नेटोशी झुंजायला शिकवतात. डोळ्यांतून किरण सोडणारा सायक्लॉप्स, मनाने वस्तू हलवणारी जीन ग्रे, पंखांचा एंजल, बर्फाचा आइसमॅन आणि थोराड हातापायांचा बीस्ट. पाचही गोरे, पाचही अमेरिकी, पाचही चांगल्या घरातले वाटावेत असे. जगाचा तिरस्कार झेलणाऱ्यांची ही गोष्ट होती खरी, पण त्यांच्याकडे पाहून तिरस्कार का करावा हेच कळत नसे. अडीच वर्षांत कर्बी आणि ली दोघेही मालिकेतून बाहेर पडले आणि ती हातोहाती फिरत राहिली.

१९६९ मध्ये लेखक रॉय थॉमस यांच्या जोडीला नील ॲडम्स नावाचा तरुण चित्रकार आला. त्याच्या पानांत चौकटी तिरक्या होत, माणसं चौकटीबाहेर झेपावत, चेहऱ्यांवर खरी भीती दिसे. ॲडम्स यांचे ते आठ-नऊ अंक आजही हातात घेतले तर ताजे वाटतात. पण तेव्हाचा धंदा विचित्र होता. अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर विकले जात, न खपलेले परत येत आणि नेमका खप किती झाला हे कळायला काही महिने लागत. आकडे हाती येईपर्यंत मालिका बंद करण्याचा निर्णय होऊन गेला होता. आकडे आले तेव्हा ते वाटले होते तितके वाईट नव्हते. म्हणून पुनर्मुद्रणाची ती सोय झाली. तेवढ्या धुगधुगीमुळे नाव जिवंत राहिलं आणि अंकांचा क्रमही तुटला नाही.

नव्या सुरुवातीची कल्पना लेखकांच्या खोलीतून आली नाही. १९७४ च्या सुमारास मार्व्हलचे अध्यक्ष होते अल लँडाउ. कंपनीच्या मजकुराची परदेशात विक्री करण्याच्या व्यवसायातून ते वर आले होते. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्या देशांत आपले अंक विकले जातात, त्या देशांतले नायक एका चमूत आणले तर तिथे खप वाढेल. रॉय थॉमस तेव्हा मुख्य संपादक होते. त्यांनी या सूचनेला पडून राहिलेल्या एक्स-मेनचं नाव जोडलं. मग थॉमस पदावरून गेले, त्यांच्या जागी लेन वीन आले आणि काम त्यांच्याकडे आलं. चित्रकार म्हणून डेव्ह कॉक्रम यांचं नाव ठरलेलं होतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण कॉक्रम हे या गोष्टीतलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी आठवलं जाणारं नाव आहे. नौदलात नोकरी करून आलेला हा माणूस वह्याच्या वह्या भरून नायक-नायिकांचे वेश काढत असे. डीसी कंपनीत त्यांनी ‘लीजन ऑफ सुपरहिरोज’ ही मरगळलेली मालिका वर आणली होती. तिथल्या एका अंकात दोन पात्रांच्या लग्नाचं दोन पानांवर पसरलेलं चित्र त्यांनी जीव ओतून काढलं आणि छपाई झाल्यावर मूळ चित्र परत मागितलं. कंपनीचा नियम आड आला, चित्र मिळालं नाही, आणि कॉक्रम डीसी सोडून मार्व्हलमध्ये आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या वह्याही आल्या.

नव्या एक्स-मेनचे चेहरे त्या वह्यांतून निघाले. निळ्या कातडीचा, टोकदार शेपटीचा, भिंतींवर सरपटणारा आणि धुराच्या लोटात नाहीसा होऊन दुसरीकडे उगवणारा नाइटक्रॉलर त्यांना नौदलात ग्वाम बेटावर असताना सुचला होता. त्यांनी तो ‘लीजन’साठी सुचवून पाहिला, तर डीसीच्या संपादकाला तो फारच विचित्र वाटला. मार्व्हलमध्ये तो तसाच्या तसा स्वीकारला गेला. पोलादी अंगाचा कोलोससही त्यांचाच. स्टॉर्म घडवताना त्यांनी आपल्या दोन-तीन जुन्या पात्रांना एकत्र केलं. एकीचं रूप घेतलं, दुसऱ्याची वारा-पाऊस वळवण्याची शक्ती घेतली, आणि काळ्या कांतीवर पांढरे शुभ्र लांब केस दिले. केसांमुळे ती म्हातारी दिसेल असं म्हणणारे होतेच. कॉक्रम यांनी केस ठेवले.

वुल्व्हरिन मात्र आधीच होता. थॉमस यांना कॅनडाचा एक नायक हवा होता म्हणून लेन वीन यांनी १९७४ मध्ये ‘हल्क’च्या १८०व्या अंकाच्या शेवटच्या पानावर त्याला आणलं. वेश जॉन रोमिता यांनी आखला, चित्रं हर्ब ट्रिंप यांनी काढली. नव्या मालिकेच्या पहिल्या मुखपृष्ठाचा आराखडा गिल केन यांनी केला, तेव्हा वुल्व्हरिनच्या मुखवट्याची टोकं मूळच्या चित्रापेक्षा बरीच मोठी झाली. कॉक्रम यांना ती आवडली आणि त्यांनी आतली पानंही तशीच केली. आज जगभर ओळखला जातो तो मुखवटा असा नजरचुकीतून आला.

‘जायंट-साइझ एक्स-मेन’चा पहिला अंक १९७५ च्या वसंतात विक्रीला आला. त्यावर मे महिना छापलेला होता, किंमत ५० सेंट आणि पानं ६८. क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर जुना चमू अडकतो, सुटून येतो तो एकटा सायक्लॉप्स, आणि प्रोफेसर झेव्हिअर जगभर फिरून नवी माणसं गोळा करतात. अंकाचा पहिला भाग म्हणजे हाच प्रवास, आणि मला तो अजूनही अंकाचा सर्वात सरस भाग वाटतो. जर्मनीतल्या एका गावात मशाली घेतलेला जमाव कर्ट वॅग्नर ऊर्फ नाइटक्रॉलरला ठार मारायला धावतो आहे. केनियात स्टॉर्मला लोक देवी मानून पाऊस मागत आहेत. सैबेरियात बैकल सरोवराजवळच्या सामूहिक शेतावर काम करणारा प्योत्र रास्पुतिन आपली शक्ती आपल्या देशाची नाही का, असं सरळपणे विचारतो आहे. कॅनडात वुल्व्हरिन सरकारी नोकरी सोडताना आपल्या साहेबाचा टाय नखाने कापतो. ॲरिझोनातला जॉन प्राउडस्टार ऊर्फ थंडरबर्ड हा अपाची तरुण गोऱ्या माणसाच्या निमंत्रणाकडे संतापाने पाहतो. आयर्लंडचा बॅन्शी आणि जपानचा सनफायर हे दोघे जुन्या अंकांतून परत आलेले.

या यादीकडे लँडाउ यांच्या हिशेबातून पाहिलं तर गंमत दिसते. केनियात किंवा सोव्हिएत संघात मार्व्हलचे अंक विकले जात नव्हते. विक्रीच्या नकाशाचा विषय वीन आणि कॉक्रम यांनी केव्हाच बाजूला सारला होता. त्यांनी निवडलेल्या माणसांना एकच गोष्ट जोडत होती. ज्यांना जग खरोखर परकं मानेल, अशी ही माणसं होती. १९६३ च्या कल्पनेतली उणीव १९७५ मध्ये भरून निघाली ती अशी. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएतचं सोयुझ ही यानं अंतराळात एकमेकांना जोडली गेली. त्याआधी काही महिने अमेरिकी कॉमिकच्या पानावर एक रशियन शेतकरी तरुण नायक म्हणून उभा होता, आणि तो कुणाचा हेर नव्हता.

हा जाड अंक दर तीन महिन्यांनी काढायचा बेत होता. तो रद्द झाला आणि दुसऱ्या जाड अंकासाठी योजलेली गोष्ट दोन भागांत चिरून ऑगस्ट १९७५ च्या ९४व्या आणि ऑक्टोबरच्या ९५व्या अंकात घातली गेली. पुनर्मुद्रणाच्या ९३व्या अंकानंतर थेट हा ९४वा. सनफायर पहिल्याच पानांत निघून गेला. थंडरबर्ड ९५व्या अंकात मेला. पळून जाणाऱ्या खलनायकाच्या विमानावर चढून तो ते हातांनी फोडत राहतो आणि स्फोटात संपतो. कारण कामकाजाचं होतं. रागीट आणि बळकट अशी दोन माणसं एका चमूत जास्त होत होती, आणि कुणीही मरू शकतो हे वाचकाला सुरुवातीलाच दाखवायचं होतं. धक्का बसला खरा. पण चमूतला एकुलता एक मूलनिवासी अमेरिकी तरुण दोन अंकांत संपवला गेला, ही गोष्ट मला आजही खुपते. त्या काळी न बोलल्या गेलेल्या आवडीनिवडी अशा निर्णयांतून दिसतात.

या दोन अंकांत कथानक वीन यांचं आणि संवाद लिहिणारं नाव नवं होतं, ते म्हणजे क्रिस क्लेअरमाँट. वय चोवीस. जन्म लंडनचा, शिक्षण न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात, ओढा नाटकाकडे आणि राज्यशास्त्राकडे. मार्व्हलमध्ये ते साहाय्यक संपादक होते. पहिल्या जाड अंकाची चर्चा चालू असताना ते खोलीत बसलेले असत आणि क्राकोआला हरवायचं कसं, याचा उपाय त्यांनीच सुचवला होता. वीन यांना कामाचा बोजा झेपेना. त्यांच्या हातात ‘हल्क’सारख्या मोठ्या, खपणाऱ्या मालिका होत्या. त्यांनी त्या ठेवल्या आणि एक्स-मेन क्लेअरमाँट यांना दिली. दोन महिन्यांनी एकदा निघणारी, कालपरवापर्यंत पुनर्मुद्रणावर जगणारी मालिका सोडताना कुणाला फार विचार करावा लागला नसेल. तिच्यावर कुणाचं बारीक लक्ष नव्हतं. पुढे जे झालं त्याचं पहिलं कारण मला इथे दिसतं.

क्लेअरमाँट यांनी नाटकवाल्याच्या नजरेने पात्रं वाचली. हा माणूस एकटा असताना काय करतो, घरची आठवण आली की कुठे जातो, कशाला घाबरतो? कोलोससला शेत आणि धाकटी बहीण आठवू लागली. डिसेंबर १९७६ च्या १०२व्या अंकात स्टॉर्मचं बालपण आलं. १९५६ च्या सुएझ युद्धात कैरोत त्यांच्या घरावर विमान कोसळतं, आईवडील मरतात आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या मुलीला बंद जागेची भीती आयुष्यभर चिकटते. वादळ बोलावणारी बाई तळघरात पाऊल टाकताना थरथरते हे त्याआधी कुणी सुपरहिरोच्या गोष्टीत लिहिलं नसतं. नाइटक्रॉलर सैतानासारखा दिसतो, पण चमूतला सर्वात हसरा आणि श्रद्धाळू तोच निघाला. ९८व्या अंकाच्या सुरुवातीला रॉकफेलर सेंटरजवळ नाताळची रात्र आहे. मंडळी सुट्टीवर निघाली आहेत आणि रस्त्यावरच्या गर्दीत स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची छोटी चित्रं कॉक्रम यांनी प्रेमाने पेरली आहेत. त्याच अंकात वुल्व्हरिनचा मुखवटा पहिल्यांदा निघाला आणि त्याची नखं हातमोज्यात बसवलेली नसून हातातूनच येतात हे कळलं. वीन यांच्या मनात ती हातमोज्याचीच होती आणि वुल्व्हरिन विशीच्या आतला पोरगा होता. नव्या जोडीने त्याला वय दिलं, जखमा दिल्या.

यातलं मोठं पाऊल होतं जीन ग्रेचं. १९६३ पासून ती चमूतली गोड मुलगी होती आणि तिची शक्ती सर्वांत कमी वाटे. ऑक्टोबर १९७६ च्या १०१व्या अंकात अंतराळयान न्यूयॉर्कच्या जमैका उपसागरात कोसळतं आणि पाण्यातून ती फिनिक्स होऊन वर येते. हिरवा-सोनेरी वेश कॉक्रम यांचा. एका बाईला देवांइतकी शक्ती देऊन तिचं काय होतं ते पाहायचं, हा विचार क्लेअरमाँट यांचा. त्यांच्या कथांत बायका चमूचं नेतृत्व करतात, एकमेकींशी मैत्री करतात, चुका करतात आणि त्यांची किंमतही मोजतात. कॉमिकच्या दुकानात मुली दिसू लागल्या त्याचं बरंचसं श्रेय या मालिकेला जातं. पुढे लुईझ जोन्स आणि ॲन नोसेंटी यांच्यासारख्या संपादक तिला लाभल्या.

कॉक्रम संथ काम करत. १०७व्या अंकानंतर ते थांबले आणि डिसेंबर १९७७ च्या १०८व्या अंकापासून जॉन बर्न आले. जन्म इंग्लंडचा, पण वाढलेले कॅनडात. शाई चढवायला टेरी ऑस्टिन, अक्षरांना टॉम ऑर्झेचोव्स्की, रंगांना ग्लिनिस वीन. त्या काळच्या रद्दीसारख्या कागदावर आणि मोजक्या रंगांच्या छपाईत ऑस्टिन यांची बारीक, स्वच्छ रेघ इतकी ठसठशीत उमटे की दुरून अंक ओळखू येई. सलग तीन वर्षं हीच मंडळी राहिली. १९७८ मध्ये मालिका मासिक झाली.

मार्व्हलमध्ये काम कसं चाले हे इथे कळायला हवं. लेखक पूर्ण संहिता लिहीत नसे. लेखक-चित्रकार फोनवर गोष्ट ठरवत, चित्रकार पानं काढे, आणि मग लेखक ती पानं समोर ठेवून संवाद लिही. म्हणजे गोष्टीचा वेग, कोण कुठे उभं आहे, कोणता क्षण मोठा करायचा, हे चित्रकार ठरवे आणि पात्राच्या तोंडी काय येतं हे लेखक ठरवे. दोघे एकाच दिशेला ओढत असतील तर ठीक. क्लेअरमाँट आणि बर्न एका दिशेला ओढत नव्हते. बर्न यांना पराक्रमाचा सरळ, जोरकस प्रवाह हवा असे आणि क्लेअरमाँट यांना मनातलं द्वंद्व. चित्रात हसणाऱ्या माणसाच्या फुग्यात काळजी भरलेली असे. बर्न येण्याआधी वुल्व्हरिन बाजूला पडत चालला होता. कॉक्रम यांचा जीव नाइटक्रॉलरवर होता. बर्न यांनी चमूतला एकमेव कॅनेडियन हरवू द्यायला नकार दिला. १९८० च्या १३२व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत गटाराच्या पाण्यातून जखमी वुल्व्हरिन एकटा वर येतो आणि पुढच्या अंकात एकटाच लढतो. त्या पानानंतर तो बाजूला पडणं शक्यच नव्हतं. मला तर वाटतं, हे दोघे एकमेकांशी सहमत असते तर हे अंक इतके भरीव झाले नसते. प्रत्येक पानावर दोन मतं आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

‘डार्क फिनिक्स’ ही गोष्ट १२९ ते १३७ या अंकांत, जानेवारी ते सप्टेंबर १९८० मध्ये आली. हेलफायर क्लब नावाच्या श्रीमंतांच्या गुप्त मंडळीतला एक मायावी जीनच्या मनाशी खेळतो, तिच्यातला बांध फुटतो आणि १३५व्या अंकात भुकेली फिनिक्स एक तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर वस्ती होती. पाच अब्ज जीव मरतात. क्लेअरमाँट आणि बर्न यांनी ठरवलेला शेवट असा होता की चंद्रावर होणाऱ्या शेवटच्या युद्धानंतर जीनची शक्ती काढून घेतली जाते आणि ती साधी बाई म्हणून सायक्लॉप्सबरोबर घरी जाते. १३७वा दुप्पट पानांचा अंक त्या शेवटासह काढून तयार होता.

मुख्य संपादक होते जिम शूटर. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास डीसीसाठी लिहायला लागलेला हा माणूस कडक म्हणून प्रसिद्ध होता आणि त्यांच्याशी भांडलेल्यांची यादी मोठी आहे. या वेळी त्यांचा प्रश्न असा होता की, जिने एक अख्खी जीवसृष्टी मारली, तिला घरी कसं पाठवायचं? शिक्षा म्हणून कायमची कैद सुचली. त्यावर क्लेअरमाँट म्हणाले की मग तिला सोडवायला एक्स-मेन प्रत्येक अंकात निघतील, त्यापेक्षा तिला मारू. शूटर यांनी होकार दिला. शेवटची पानं घाईने पुन्हा काढली गेली. छापलेल्या अंकात जीन स्वतःच्या हाताने स्वतःचा शेवट करते, सायक्लॉप्ससमोर, पुन्हा ताबा सुटायच्या आत.

मूळ शेवट मार्व्हलने १९८४ मध्ये वेगळ्या पुस्तकात छापला, त्यामुळे दोन्ही ताडून पाहता येतात. मी पाहिले आहेत आणि मला शूटर यांची बाजू बरोबर वाटते. पहिला शेवट सुरेख काढला आहे, पण त्यात त्या पाच अब्जांचा विसर पडतो. दुसऱ्या शेवटात गोष्ट स्वतःच्या शब्दाला जागते. ज्या संपादकाशी लेखक-चित्रकार चिडून भांडले, त्याच्या आग्रहामुळे त्यांचं काम मोठं झालं. १९८६ मध्ये कंपनीने जीनला जिवंत करून नव्या मालिकेत आणलं, तेव्हा क्लेअरमाँट यांना त्याचा मनस्ताप झाला, आणि तो समजण्यासारखा होता.

बर्न फार काळ राहिले नाहीत. १४०व्या अंकाच्या सुरुवातीला कोलोसस एक झाडाचं खोड जमिनीतून उपटतो. बर्न यांनी ते सहज उपटताना काढलं, छापून आलेल्या संवादात त्याला कष्ट पडत होते. बर्न यांनी नंतर सांगितलं की त्या चौकटीने त्यांचा निर्णय पक्का केला. जाता जाता त्यांनी भविष्यातल्या छावण्यांची ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ ही दोन अंकांची गोष्ट दिली आणि मार्च १९८१ च्या १४३व्या अंकानंतर ते गेले. त्यांच्या जागी पुन्हा कॉक्रम आले. त्यांच्या दुसऱ्या फेरीतल्या १५०व्या अंकात मॅग्नेटो ऑशविट्झ छावणीतून वाचलेला माणूस आहे हे समोर आलं. १९६३ पासून आरडाओरडा करणाऱ्या खलनायकाच्या रागाला त्या एका तपशिलाने कारण मिळालं. वाचक त्याच्याशी भांडू लागला, आणि कधी कधी त्याचं म्हणणं पटूही लागलं.

या काळात धंदाही बदलत होता. ब्रुकलिनमधले एक शिक्षक फिल सूलिंग यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांशी करार करून अंक थेट कॉमिकच्या खास दुकानांना पोचवायला सुरुवात केली होती. सवलत जास्त, पण न खपलेले अंक परत नाहीत. अशा दुकानात येणारा वाचक सलग वाचणारा, जुने अंक जपणारा असे. पाच-पाच वर्षं धागे लांबवत नेणाऱ्या क्लेअरमाँट यांच्या लेखनाला असा वाचक हवाच होता, आणि त्या दुकानांना असा लेखक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मार्व्हलने एक लाखाच्या वर खपणाऱ्या अंकांवर लेखक-चित्रकारांना मानधनाचा वाटा द्यायला सुरुवात केली तेव्हा एक्स-मेनच्या मंडळींना त्याचा चांगला लाभ झाला.

पण पात्रं कंपनीचीच राहिली. १ जानेवारी १९७८ ला अमेरिकेचा नवा स्वामित्वहक्क कायदा लागू झाला आणि मार्व्हलने बाहेरून काम करणाऱ्यांकडून ‘हे काम कंपनीसाठी केलेलं आहे’ अशा कागदावर सह्या घेतल्या. नील ॲडम्स यांनी त्या वर्षी चित्रकारांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, ती टिकली नाही. कॉक्रम यांनी नाइटक्रॉलर, स्टॉर्म, कोलोसस दिले. त्या पात्रांवर २००० नंतर कोट्यवधी डॉलर्सचे चित्रपट निघाले. त्या दशकात मधुमेहाने खचलेल्या या चित्रकारासाठी सहकाऱ्यांनी मदत उभी केली आणि मार्व्हलने त्यांना काही रक्कम देण्याचं मान्य केलं. २६ नोव्हेंबर २००६ ला साउथ कॅरोलायनात ते गेले. त्यांच्या वहीतल्या एका चित्राची किंमत कुणी कधी नीट मोजली नाही, याचा मला राग येतो.

क्लेअरमाँट सोळा वर्षं टिकले. कॉक्रम, बर्न, पॉल स्मिथ, धाकटे रोमिता, मार्क सिल्व्हेस्ट्री आणि जिम ली अशा चित्रकारांबरोबर त्यांनी काम केलं. १९९१ मध्ये कंपनीने जुन्या मालिकेच्या जोडीला ‘एक्स-मेन’ नावाची दुसरी मालिका पहिल्या अंकापासून सुरू केली. पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, चित्रकार ली, लेखक क्लेअरमाँट. दुकानदारांनी त्या एका अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती उचलल्या, आणि तो आकडा विक्रम म्हणून नोंदला गेला. १९७५ मध्ये कुणाचं लक्ष नव्हतं, आता प्रत्येक चौकटीवर लक्ष होतं. कथा कुठे न्यायची यावर संपादक आणि ली यांचं वजन वाढलं होतं, आणि तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट बाहेर पडले.

वर्षभराच्या आत लीही गेले. १९९२ मध्ये मार्व्हलचे सात नावाजलेले चित्रकार एकत्र येऊन त्यांनी इमेज कॉमिक्स काढली. ली, सिल्व्हेस्ट्री, व्हिल्स पोर्टासिओ आणि रॉब लीफेल्ड हे त्यांतले चौघे एक्स-मेन आणि तिच्या शाखा-मालिकांवर काम केलेले होते. इथे पात्राची मालकी ते निर्माण करणाऱ्याकडे राहणार होती. मार्व्हलने स्कॉट लॉबडेल आणि फेबियन निसिएझा यांना लिहायला बसवलं, नवे चित्रकार आणले, आणि एक्स-मेनचे पुढचे अंक वेळेवर निघाले.